टीव्हीला घातलेला हार

चोरी तुम्ही केलीत, संपादकसाहेब. गोड बोलून, "मॅडम, मॅडम" म्हणत केलीत, पण चोरी ती चोरीच. आणि जिच्या घरात चोरी केली तिलाच काल फोनवर विचारता, "तुम्ही कोण?"

काल सकाळी तृप्ती न्हाणीत होती. तिचा फोन शेडमध्ये झेंडूच्या ढिगावर वाजत होता. मी उचलला. माझा आवाज वेगळा आहे हे ऐकायलासुद्धा तुम्ही थांबला नाहीत. "मॅडम, या आठवड्याचं समीक्षण वाचलं. फार सौम्य झालंय हो. पहिल्या वेळचा तो दंश कुठं गेला? वाचक त्या दंशाची वाट बघताहेत." मी म्हणाले, "दंश इथंच आहे. माझ्यापाशी."  तेव्हा कुठं तुम्ही ते "तुम्ही कोण?" विचारलंत.

तेवढ्यात तृप्ती ओल्या केसांनी धावत आली, फोन माझ्या हातातून गेला आणि उत्तर तोंडातच राहिलं. ते आज देते. पूर्ण देते. पुरवणीत बसत नसेल तर छापू नका. पण कापून दुसऱ्याच्या नावावर चिकटवू नका, ती सवय आहे तुम्हाला.

मी आशा. तृप्तीची थोरली जाऊ. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे आणि पंचवटीत एक गाळा. सकाळी मी गाळ्यावर असते, दुपारी जेवले की शेडमध्ये हार ओवायला बसते, ते दिवेलागणीनंतरही चालूच. शाळा दहावीत सुटली. नापास झाले म्हणून नव्हे, लग्न ठरलं म्हणून.

तुमची-माझी ओळख मात्र जुनी आहे. फुलांचे पुडे रद्दीत बांधतात हे तुम्हाला माहीत असेल. गाळ्यावर रद्दी यायची त्यात तुमची शनिवारची पुरवणी असायची. मी पुडा बांधायच्या आधी वाचायची. नाटक, सिनेमा, मालिका, कशाचंही समीक्षण असो. पण रद्दीवाला कागद फाडून द्यायचा, त्यामुळं समीक्षण अर्धंच मिळायचं. उरलेलं अर्धं शेवंती गुंडाळून कुणाच्या तरी देव्हाऱ्याकडं गेलेलं. मग ते उरलेलं अर्धं मी मनात लिहायची. अमुक नट वाईट का, तमुक गोष्ट कुठं घसरली. गजरे बांधता बांधता वाक्यं जुळवायची. एखाद्या दिवशी दुसऱ्या गठ्ठ्यात खरं अर्धं सापडायचं, आणि साहेब, बहुतेक वेळा माझं बरं असायचं. हे मी मोठेपणानं सांगत नाही, रागानं सांगते आहे. माझी शाळा ती. तुमच्याच फाटक्या कागदाची.

आमच्याकडं टीव्ही घरात नाही, शेडमध्ये आहे. हार ओवायला शेजारच्या बायका येतात, त्यांना करमणूक लागते. पण बघायला वेळ कुणाला? डोळे सुईवर आणि कान टीव्हीवर. म्हणून नटीची साडी कशी आहे ते आम्हाला नीट सांगता येत नाही, पण ती खोटं रडते आहे हे पहिल्या हुंदक्याला कळतं. नवी मालिका आली की पहिल्या आठवड्यात शेडमध्ये निकाल लागतो. बायका बोलतात, मी शेवटी बोलते. मी बोलले की विषय संपतो. म्हणजे संपायचा. तृप्ती येईपर्यंत.

तृप्ती ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. एम. ए. मराठी. माझा धाकटा दीर रविराज तिला कुठल्याशा लग्नात बघून आला आणि महिनाभर जेवला नाही, म्हणून सोयरीक झाली. गोरी आहे, बारीक आहे, हसली की गालाला खळी पडते. सुई धरायला शिकली तीसुद्धा आठवड्याभरात. ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. "ताई, तुम्ही बसा, मी पाणी आणते." असलं माणूस घरात असलं की फार त्रास होतो. भांडायला जागाच सापडत नाही.

ती बोलायला लागली की बायका हात थांबवून ऐकायच्या. माझ्या बोलण्यावर कधी कुणी हात थांबवला नव्हता, हसल्या होत्या. "व्यक्तिरेखेला खोली नाही," असं तृप्ती म्हणायची. मी तेच म्हणायची, "पोकळ आहे, वाजवून बघा." तिचं मराठी इस्त्री केलेलं, माझं दोरीवर वाळत घातलेलं. कपडा तोच, पण बायका म्हणायला लागल्या, "आमची तृप्ती किती छान सांगते." आमची! मी त्यांच्याबरोबर पंधरा दसरे ओवले, मी आमची नव्हते.

जळते का मी? जळते. लपवायचं काय त्यात? ज्याला काहीतरी हवं असतं तोच जळतो.

आणि मला काय हवं होतं ते तुम्हीच छापलंत. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी, पान दोनवर: नव्या मालिकांचा हंगाम सुरू होतोय. पहिल्या आठवड्याचा निकाल आमचे पाच समीक्षक देणार. दोन पुण्याचे, दोन मुंबईचे. पाचवी खुर्ची नाशिकच्या वाचकाची. कुठल्याही एका नव्या मालिकेवर लिहून पाठवा, ज्याचं सगळ्यात चांगलं असेल त्याचं नाव आणि फोटो दर शनिवारी छापू.

त्या दिवशी तो कागद मी पुड्याला वापरला नाही. घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. खुर्ची, साहेब. मी जन्मभर पोत्यावर बसून काम केलेलं माणूस.

घरी आले तर तृप्तीच्या हातात फोनवर तेच पान. "ताई, बघितलंत? आपण दोघी पाठवूया का?"

दोघी. बरं.

नव्या मालिका लागल्या. तुमच्या चौघा शहाण्यांनी पहिल्या दोन दिवसांतच वेबसाइटवर तारे वाटायला सुरुवात केली. 'समईची लेक' या मालिकेला पुण्याच्या बाईंनी चार तारे दिले, "संयत आणि आश्वासक" म्हणाल्या. मुंबईच्या गृहस्थांनी साडेतीन दिले, "नात्यांचा हळुवार पट" म्हणाले. मी त्याच मालिकेवर लिहायचं ठरवलं. तृप्तीनंही तीच धरली, कारण तिला ती मनापासून आवडली होती. तिला सगळंच आवडतं. जग आवडतं तिला. तिच्यावर जळायचं हेही एक कारण.

गोष्ट अशी. शुभदा नावाची पोरगी. तिचं लग्न ठरलेलं. ऐन मांडवात नवरदेव तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो. ही काय करते? स्वतःचा शालू बहिणीला नेसवते, आणि त्याच घरात देवघरातली समई तेवत ठेवायला राहते. रडत नाही, चिडत नाही. हात जोडते आणि हसते.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला हार पडतो. कोयते, कात्र्या, वजनकाटा, पाण्याची मोटर, पिकअप. आणि टीव्ही. टीव्ही बंद पडला की बायका उठून जातात, म्हणजे तोही राबतोच. दसऱ्याची गर्दी असल्यामुळं शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडंतिकडं झेंडू. माझी सासू अंबूबाई पाटावर बसून हुकूम सोडत होती.

"आशे, टीव्हीला जाडा घाल. वर्षभर राबला तो."

"आत्याबाई, तुमच्या लेकालाही घाला की एक. तोपण राबला."

"त्याला कशाला? तो बंद पडला तरी काम चालतं."

बायका हसल्या. मी टीव्हीला झेंडूचा जाड हार घातला, दोन्ही कोपऱ्यांवरून खाली सोडलेला, मधे आंब्याची डहाळी.

साडेसातला मालिका लागली. शुभदानं समई लावली, डोळे मिटले, हात जोडले, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला तो हलेचना. पडदाभर शांत चेहरा, भोवती माझा हार. कशानं कोण जाणे, आत्याबाईंनी त्याच वेळी मान वर केली.

"अगं बया! मेली का ही? कधी?"

कुणाची सुई बोटात गेली, कुणाला ठसका लागला. तृप्ती हसत म्हणाली, "मेली नाही हो आत्याबाई, देवाला नमस्कार करतेय."

"मग हार कशाला घातला तिला?"

"तिला नाही, टीव्हीला घातलाय."

"पण शोभला तिलाच," असं म्हणून आत्याबाईंनी पुन्हा सुई हातात घेतली.

मी हसले नाही. माझ्या डोक्यात वाक्य पडलं होतं. त्याच वेळी तृप्तीनं फोन काढून त्या चेहऱ्याचा हारासकट फोटो घेतला. "किती देखणं दिसतंय ना ताई! मालिकेचं स्वागत केल्यासारखं." चेष्टा नव्हती ती, खरंच म्हणत होती. आमच्या घरात राहून माणसाची हाराची भीती मोडते. इथं हार म्हैशीला पडतो, मोटरीला पडतो, नव्या चपलांच्या खोक्यावरसुद्धा पडलेला असतो. बाहेरच्या जगात फोटोतल्या चेहऱ्याभोवती हार दिसला की लोक आधी "कधी गेले?" विचारतात, हे फुलांच्या घरातल्या माणसाला आठवतच नाही. ती बिचारी त्या फोटोकडं बघत होती जसं बारशाच्या पाळण्याकडं बघावं.

दसऱ्याच्या दुपारी, सगळा माल गेल्यावर, मी लिहिलं. एका दमात. मराठी टायपिंग मला जमत नाही, बोटं जाड आहेत. तृप्ती म्हणाली, "द्या ताई, मी करते." मी वाचत होते, ती टाइप करत होती:

"'समईची लेक'मधली शुभदा आपला नवरा बहिणीला देते आणि वर शालूच्या निऱ्याही धरते. आठवडाभरात तिच्या पोटात एकदाही खड्डा पडला नाही. जिला हेवा वाटत नाही ती बाई चांगली नसते, ती बाई मेलेली असते. ही मालिका सुरू झालेलीच नाही. पहिल्याच आठवड्यात हार घातलेला फोटो भिंतीवर टांगलाय, आणि रोज साडेसातला आपण त्याला नमस्कार करायचाय. तारा एक. तोही समईतल्या तेलाला."

तृप्तीचा अंगठा थांबला. "ताई, 'मेलेली'च्या जागी 'निर्जीव' करू का?"

"मेलेल्याला मेलेलं म्हण."

"फार कडू लागतंय पण."

"तुझं गोड जातंय ना बरोबर? कारल्यात गूळ."

तिचं तिनं वाचून दाखवलं. साडेतीन तारे. शुभदाची क्षमाशीलता मनाला स्पर्शून जाते, वगैरे. खाली तो फोटो जोडला आणि लिहिलं, "आमच्या फुलांच्या घरी मालिकेचं असं स्वागत झालं." दोन्ही एकाच मेलमध्ये पाठवली. पहिल्याखाली माझं नाव, दुसऱ्याखाली तिचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, मगच तिनं बटण दाबलं.

त्या शनिवारी सकाळी मी गाळ्यावर होते. आमच्या शेजारचा गाळा धोंडीरामचा. तो पेपर मोठ्यानं वाचतो, बाजार कंटाळत नाही. एका बाईचा गजरा बांधत होते, तेवढ्यात तो ओरडला.

"वहिनी! तुमची धाकटी लय खतरनाक निघाली की! फोटोसकट हाय!"

"काय आलंय?"

"ऐका. 'पहिल्याच आठवड्यात हार!' मथळा. अन् खाली त्या हिरोइनला हार घातलेला. च्यायला, जिवंतपणी तेरावं घातलं पोरीनं!" आणि तो वाचायला लागला.

साहेब, एक गोष्ट सांगते, ती कुणाला सांगितलेली नाही. मथळा ऐकला, पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, चांगलं लिहिलंय कार्टीनं. आणि पोटात तो ओळखीचा खड्डा पडला. मी जळाले. शालूच्या निऱ्या येईपर्यंत मी माझ्याच लिहिण्यावर जळत होते. मग कळलं. धोंडीराम वाचत राहिला. "जिला हेवा वाटत नाही ती बाई..." गाळ्यापुढची माणसं थांबून ऐकायला लागली. "वा," कुणीतरी म्हणालं. पहिल्यांदा माझ्या वाक्यावर लोकांचे हात थांबलेले मी बघितले. माझ्या स्वतःच्या हातात दोऱ्याची गाठ मारायची राहिली होती.

"अहो ताई, गजरा," ती बाई म्हणाली.

"कोणी लिहिलंय म्हणालास?" मी धोंडीरामला विचारलं.

"तृप्तीताईंनी. नाव छापलंय की. फोटोपण हाय कोपऱ्यात, छान आलाय."

शब्द माझे, नाव तिचं. तारा माझा, खळी तिची. तिचं समीक्षण, ते साडेतीन तारे, ते स्वागत, त्यातलं अक्षरही नाही. तिचा फोटो घेतलात, माझं वाक्य घेतलंत, आणि दोघींची मिळून एक बाई तयार केलीत. अशी बाई आमच्या घरात नाही.

मी गाळा नवऱ्यावर, हिरामणवर, टाकून घरी आले. तृप्ती हौदापाशी गुलछडी धूत होती. डोळे सुजलेले. मी काही बोलायच्या आधीच तिनं फोन पुढं केला. "ताई, मी नाही केलं. हा बघा मेल. तुमचं नाव आहे इथं. हे बघा ना."

"तुझं नाव छापलंय."

"माझा एक शब्द नाही त्यात! मला मालिका आवडली होती. आता लोक मला मेसेज करताहेत, काय फाडलंत म्हणून. मी कुणाला फाडलं हो?"

"मग लाव फोन त्यांना. आत्ता लाव."

लावला. केळीपाशी जाऊन बोलली. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही, तिच्या पाठीकडं बघत होते. सुरुवातीला पाठ ताठ होती. मग हळूहळू सैल पडली. ती परत आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दोन्ही एकाच मेलमध्ये असल्यामुळं गडबड झाली. पण आता दुरुस्ती छापली तर सगळ्यांचंच हसू होईल. लोकांनी डोक्यावर घेतलंय म्हणाले. आणि..." ती गुलछडीचं पान खुडत राहिली. "पाचवी खुर्ची मला दिली म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

तृप्ती गप्प.

त्या गप्प बसण्यात मी तिला पहिल्यांदा नीट ओळखलं. मी तिच्या जागी असते तर मीही गप्प बसले असते. म्हणून तर एवढा राग आला. तोपर्यंत तिच्यावर जळायची, ती माझ्यासारखी नव्हती म्हणून. आता ती अगदी माझ्यासारखी निघाली, आणि खुर्ची तिची होती.

पुढं तुम्ही तिचा सत्कार ठेवलात. आणि सत्काराचा हार कुठून मागवला? आमच्याच गाळ्यावरून. तुमच्या माणसाला माहीत नसेल. गाळ्यावर कुणी हार सांगितला तर तो कुणाच्या गळ्यात पडणार हे आम्ही विचारत नाही. पण हिरामणनं ओळखलं. घरी येऊन म्हणाला, "तृप्तीच्या कार्यक्रमाचा हार हे. घरचंच काम, चांगला कर."

घरचंच!

मी गुलछडी घेऊन बसले, मधे लाल गुलाब. ओवता ओवता हात थांबायचा. एक सुई आत सोडली तर? मानेमागं, गाठीपाशी. मरत नाही कुणी त्यानं. फक्त स्टेजवर, टाळ्या चालू असताना, आई गं करायची. एवढंच.

आत्याबाई समोर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आशे, सुई कुठं हे?"

"हातात."

"हातातच राहू दे."

ओवला. तुम्ही बघितलाच असेल, आखीव झाला होता. गंगापूर रोडच्या त्या हॉलमध्ये मी मधल्या रांगेत बसले होते. निवेदिकेनं माइक पुढं करून विचारलं, "तृप्तीताई, त्या हाराची कल्पना सुचली तरी कशी?" तृप्तीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "घरातच फुलं असतात ना... सुचलं." टाळ्या. गळ्यात हार, नावावर वाक्य, दोन्ही माझ्या हातची, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवत होते. वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

तुम्ही पहिल्या रांगेत होतात. टक्कल पडलेले, निळा कोट घातलेले ते तुम्हीच ना? परत जाताना माझ्या अंगावरून गेलात. "फुलांचा काय वास येतोय," असं म्हणालात शेजारच्याला. तो वास माझ्या हातांचा होता.

मग दुसरा आठवडा आला. तुम्ही दिलेली नवी मालिका, सासरा पोलीस आणि जावई चोर. शेडमध्ये बायका हसून लोळत होत्या. तृप्तीही हसली. तिनं लिहिलं, निखळ करमणूक, साडेतीन तारे. पाठवायच्या आधी पोत्यावर माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, तुम्हाला काय वाटलं या मालिकेबद्दल?"

"कुणाला विचारतेस? मला, का तुझ्या खुर्चीच्या पायाला?"

"असं काय करता हो."

"मी सांगते. नाव कुणाचं पडेल?"

तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. आत्याबाई तिकडून म्हणाल्या, "एका सुईत दोघींनी दोरा घालू नये गं. एकीचं बोट फुटतंच." तृप्ती उठून गेली आणि तिचं तिनं पाठवलं. तिचं स्वतःचं, तिच्या स्वतःच्या नावानं. तिनं तुम्हाला पाठवलेल्यातलं तुम्ही वाचलेलं ते पहिलं. आणि ते तुम्हाला सौम्य वाटलं.

इथं काल तुमचा फोन आला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फोन ठेवल्यावरचं ठाऊक नाही. तृप्ती तशीच उभी होती, केसांचं पाणी झेंडूवर गळत होतं.

"काय म्हणत होते तुम्हाला?"

"दंश पाहिजे म्हणाले."

ती ढिगाशेजारी मटकन बसली. आधी हसली. मग रडायला लागली. "ताई, त्यांना मी नकोच आहे. त्यांनी मला वाचलंच नव्हतं. माझं वाचलं तर आवडलं नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, खोटं कशाला बोलू. थोडा वेळ गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मग तिच्याकडं बघितलं. तिनं ज्या शुभदाचं स्वागत केलं तिला मारल्याचं श्रेय घेऊन ती फिरत होती, तुमच्या एका मथळ्यामुळं. म्हणजे तुम्ही माझं वाक्य चोरलंत आणि तिचं मत चोरलंत. चोरी एक, घरं दोन.

"आता लिहा ताई," ती नाक पुसत म्हणाली. "सगळं लिहा. मी टाइप करते."

"खुर्ची जाईल तुझी."

"ती माझी कुठं आहे?"

तर साहेब, हे तृप्तीच टाइप करते आहे. त्याच मेलवरून येईल, गडबड करू नका. मघाशी "जळायचं हेही एक कारण" इथं आल्यावर तिचा अंगठा थांबला होता. "हे ठेवू?" म्हणाली. ठेव म्हटलं. "अजून जळता?" म्हटलं, जळते. उद्या खुर्ची मला मिळाली तरी जळेन, तुझ्या खळीवर. हसली, आणि खळी पडली. बघा, म्हणजे पुन्हा तेच.

यावेळी फोटो जोडलेला नाही. हारही नाही. खाली एकच नाव आहे, माझं, आणि ते वाचता येतं.

खुर्चीवर कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा. ती तुमची आहे. पुण्याचं माणूस बसवा, रिकामी ठेवा, तिला खंडेनवमीला हार घाला. पण जे वाक्य लोकांनी गाळ्यापुढं उभं राहून ऐकलं ते कुणाचं, हे तुम्ही ठरवायचं नाही. ते ठरलेलं आहे. फक्त छापायचं राहिलंय.

येत्या शनिवारी धोंडीराम पेपर उघडेल आणि मोठ्यानं वाचेल, त्याला दुसरं काही येत नाही. मी गजरा हातात धरून उभी असेन, गाठ न मारता. तुम्ही विचारलंत, मी कोण. मी सांगितलं. आता विचारायची माझी पाळी. 'समईची लेक'चा तो निकाल कुणी दिला होता, साहेब? नाव घेऊन सांगा.